मोफत उपचार ‘मिनी घाटी’त, शुल्क घाटीत
शासकीय रुग्णालयांत मोफत उपचार देण्याच्या निर्णयाची अंमलबजावणी १५ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हा त्याचे स्वागतच झाले. मात्र हा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागापुरता होता; वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यातून वगळली गेली. परिणामी छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे ‘मिनी घाटी’त, उपचार मोफत झाले आणि खुद्द घाटीत शुल्काची खिडकी कायम राहिली.

गुंतागुंतीचा रुग्ण शेवटी येतो तो घाटीतच. जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून त्याला घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना मंत्रालयातील दोन विभागांचा फरक ठाऊक असण्याचे कारण नाही. केसपेपरचे शुल्क तसे किरकोळ. कंबरडे मोडते ते बाहेरून औषधे आणण्याच्या चिठ्ठीने. औषध खरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे सोपविण्यात आली, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचे उघड झाले, घाटीतील मृत्यूही चर्चेत आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खरेदीचे कार्यालय बदलल्याने बाहेरच्या चिठ्ठ्या किती घटल्या, याचा वॉर्डनिहाय हिशेब घाटीने जाहीर करावयास हवा.