अर्धं बी हातात राखा

संक्रांत सरली, हरभऱ्याचे घाटे भरले आणि दुपारचं ऊन टोचायला लागलं, की परसबाग असलेल्या घरात एकच घाई सुरू होते. वाळलेले घेवड्याचे वेल ओढून काढायचे, वाफे उकरायचे, आणि भेंडी, गवार, दोडका, कारली, काकडी, दुधी असं सगळं एका रविवारी लावून मोकळं व्हायचं. माझी कळकळीची विनंती आहे, यंदा तसं करू नका. पुडीतलं निम्मं बी लावा आणि निम्मं डब्यात परत ठेवा.

माघ-फाल्गुनातलं हवामान आता कुणाच्याच अंदाजात बसत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात दिवसामागून दिवस गारपीट झाली, ती शेतकरी अजून विसरलेले नाहीत. 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला तोवरचा सर्वांत तापलेला मार्च ठरला. 2023 मध्ये फेब्रुवारीनेच तसा विक्रम केला, आणि पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि गारा कोसळल्या. आधी भाजून काढणारं ऊन आणि पाठोपाठ बर्फाचा मारा, तेही एकाच हंगामात. उत्तर भारतावरून सरकणारे पश्चिमी झंझावात, समुद्रावरून येणारं बाष्प आणि खाली तापलेली जमीन यांची गाठ पडली की दुपारनंतर तासा-दोन तासांत ढग उभे राहतात. गाव सोडा, तुमच्या घरावर गार पडेल आणि कोपऱ्यावरच्या घरावर पडणार नाही, इतकं ते स्थानिक असतं. अशा वेळी एकाच दिवसावर सगळं बी लावून टाकणं म्हणजे घरातलं सगळं धान्य एकाच कणगीत भरून ती उघड्यावर ठेवणं.

म्हणून लावण तीन वेळा करा. देशावर पहिली फेब्रुवारीच्या मध्यावर, दुसरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, तिसरी मार्च संपता संपता. कोकणात थंडी लवकर ओसरते, तिथे पंधरा दिवस आधी सुरुवात करायला हरकत नाही. विदर्भात उन्हाचा तडाखा लवकर बसतो, तिथे तिसरी लावण फक्त गवार-भेंडीची ठेवा. पहिली लावण थंडीने रखडली तर दुसरी तिला गाठते. दुसरीला गारेने झोडपलं तर तिसरी जमिनीतून नुकती डोकं काढत असते. तिन्ही तगल्या तर भाजी एकदम न येता मे महिनाभर पुरते, आणि शेजारणीला दोडके न्या म्हणून आर्जव करावं लागत नाही.

वेलभाज्यांचं बी थेट मातीत टाकण्याआधी ते फुगवून घ्या. कारल्याचं बी हातात घेऊन बघा. खडबडीत, कडेला दातेरी, कवच लाकडासारखं. ते थंड मातीत नुसतं टोचलं तर आठवडा-दोन आठवडे पडून राहतं, आणि मध्येच पाऊस झाला तर कुजतं. रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, सकाळी निथळून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि स्वयंपाकघरात उबेच्या जागी ठेवा. फडकं रोज उघडून पाहा, वाळू देऊ नका. कवचाची चोच उघडून पांढरा मोड दिसला की तेवढीच बियं उचलून नारळाच्या करवंटीत लावा. करवंटीच्या डोळ्याला भोक पाडून घ्या, खाली थोडा काथ्या आणि वर माती-शेणखत भरा. वेलाच्या रोपाला मूळ दुखावलेलं चालत नाही, म्हणून दोन खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट आळ्यात उतरवा. तोवर दुपारी आभाळ भरून आलं तर सगळ्या करवंट्या सुपात घालून ओसरीवर घेता येतात. वाफ्यातलं रोप असं उचलता येत नाही.

आता दुसरी विनंती, आणि ही मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. पाचोळा जाळू नका. याच दिवसांत पानगळ होते. अंगण झाडून आंबा, जांभूळ, बदामाच्या पानांचे ढीग कोपऱ्यात लागतात आणि संध्याकाळी त्यांना काडी लावली जाते. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये बंदी घालून दंडही ठरवून दिला आहे. पण दंडाचं राहू द्या. जे जळतं ते तुमच्या बागेचं पांघरूण असतं. एका वाफ्यावर चार बोटं जाडीचा पाचोळा पसरा, शेजारचा वाफा उघडा ठेवा. मार्चमध्ये दुपारी दोन वाजता दोन्हींत बोट खुपसून बघा. उघड्या मातीचा वरचा थर पापडासारखा कडक आणि हात लावू नये इतका तापलेला असेल, पाचोळ्याखालची माती गार आणि ओलसर लागेल. अवकाळीचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आपटले की माती उडून पानांच्या पोटाला चिकटते आणि तिच्यातून करपा चढतो. पाचोळा तेही थांबवतो. फक्त रोपाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा आणि वाळवी लागू नये म्हणून खाली मूठभर निंबोळी पेंड टाका. पाणी सकाळी द्या, आणि माती चाचपल्याशिवाय देऊ नका. पाचोळा घातलेल्या वाफ्याला रोज पाणी लागत नाही. रोजच्या सवयीने ओतलेल्या पाण्याने जेवढी रोपं मरतात, तेवढी उन्हाने मरत नाहीत.

टोमॅटोची फुलं पस्तिशीच्या वर पारा गेला की गळतात. घाबरून खत ओतू नका. दुपारपुरती सावली करा, पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी चालते. मात्र ती सपाट ताणू नका, एका बाजूने उतरती बांधा. सपाट जाळीत गारा साठतात आणि त्या वजनाने मांडव रोपांवरच बसतो. मेथी-कोथिंबीर आता लवकर तुऱ्यावर येणारच. ती उपटू नका. चार झाडं बियाला सोडा, बाकी कोवळी असतानाच खुडा.

गारपीट झालीच तर पहिल्या दिवशी कात्री हातात घेऊ नका. साचलेलं पाणी आधी वाटेला लावा, लोळलेले वेल हलक्या हाताने उचलून बांधा. चिरलेल्या खोडांना, फाटक्या पानांना दोन दिवस द्या, मग जे खरंच काळं पडलं तेवढंच काढा. लगेच युरिया देऊ नका, त्याने फुटणारा लुसलुशीत पाला माव्याला आयता मिळतो.

घरी कोंबड्या असतील तर त्यांनाही हेच दिवस जड जातात. चोच उघडून धापा टाकू लागल्या, पंख अंगापासून दूर धरू लागल्या, की उशीर झालेला असतो. दाणा पहाटे आणि सांजेला घाला, दुपारी फक्त सावली आणि मातीच्या परळातलं गार पाणी ठेवा. आणि पावसाने खुराड्यातला भुसा भिजला तर त्याच दिवशी बदला, कारण ओल्या भुशातूनच पिलांना रक्ती हगवण लागते.

हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ ॲपवर तुमच्या जिल्ह्याचा मिळतो. लावणीआधी तो बघाच. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. पण गडगडाट ऐकू आला की ॲप उघडत बसू नका. रोपं झाकायची राहिली तरी राहू द्या, घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. वेल पुन्हा लावता येतो.

राखलेल्या बियाचं काय करायचं, ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं आहे. देशी वाणांची त्यांची बियाणे बँक घरगुती जतनातूनच उभी राहिली. तुमचं बीही देशी वाणाचं असेल तर ते कडक वाळवून, चाळलेल्या राखेत घोळून, झाकणाच्या मडक्यात ठेवा आणि मडक्यावर वाणाचं नाव आणि महिना खडूने लिहा. संकरित बी असेल तर त्यातून धरलेलं बी पुढे तसंच उतरत नाही, त्यामुळे ते पुडीतलंच वापरून संपवा. एप्रिल उजाडल्यावर नवीन काही लावू नका. तिसऱ्या लावणीनंतर उरलेली दोडका-भोपळ्याची बियं मृगापर्यंत मडक्यात राहू द्या, आणि जूनमध्ये चार चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली की कुंपणाच्या कडेने टोका.