‘अत्त दीप भव’ : वचनाचा विसरलेला अर्धा भाग

बुद्ध पौर्णिमेला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मुंबईच्या उपनगरांतून फिरणाऱ्या माणसाला ‘अत्त दीप भव’ हे तीन शब्द पदोपदी भेटतात. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतील विहारांच्या कमानींवर, अंधेरी-बोरिवलीच्या मंडळांच्या फलकांवर, गुणवंतांना दिल्या जाणाऱ्या सन्मानचिन्हांवर आणि आता लग्नपत्रिकांवरही ते असतात. निवासी शाळांना तर हे वचन विशेष प्रिय आहे. आईबापांपासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाला याहून मोठा आधार कोणता द्यावा, असे वाटणे स्वाभाविकच आहे. या वचनाविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच आज ते ज्या अर्थाने वापरले जाते त्याविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

आज हे वचन मुख्यतः तीन प्रसंगी ऐकू येते. गणितात मागे पडलेला मुलगा दुसऱ्यांदा शंका विचारू लागला, की वडीलधारी मंडळी त्याला म्हणतात, ‘अरे, अत्त दीप भव! दुसऱ्याच्या तोंडाकडे किती दिवस पाहशील?’ एखाद्या सुस्थित समाजबांधवाकडे कोणी वसतिगृहातील मुलांसाठी मदत मागावयास गेले, की उत्तर मिळते, ‘आम्हांला कोणी दिले होते? आम्ही आमचा दिवा आम्हीच लावला.’ आणि एखाद्या गोष्टीची चर्चा चालू असता कोणी आपलाच हेका सोडीत नसेल, तर तोही शेवटी याच वचनाचा आसरा घेतो: ‘माझ्या मनाला पटते तेच मी करणार, तथागतांनीच तसे सांगितले आहे.’ पहिल्या प्रसंगी हे वचन हात झटकण्यासाठी वापरले जाते, दुसऱ्या प्रसंगी बढाईसाठी आणि तिसऱ्या प्रसंगी मनमानीसाठी. तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच उरतो, तो म्हणजे ज्याने त्याने आपापले पाहावे.

तथागतांनी खरोखर असे सांगितले होते काय? मूळ वचन पाली तिपिटकाच्या दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात आहे. ‘अत्त दीप भव’ किंवा हिंदी प्रदेशात प्रचलित असलेले ‘अप्प दीपो भव’ या रूपात ते तेथे आढळत नाही. तेथे शब्द आहे ‘अत्तदीपा’, आणि त्याला जोडून येते ‘विहरथ’ हे क्रियापद. ‘भव’ हे एकवचन आहे, तर ‘विहरथ’ हे अनेकवचन. म्हणजे हे वचन एकट्या माणसाच्या कानात सांगितलेले नसून अनेकांना उद्देशून आहे. शिवाय ‘विहरथ’ म्हणजे जगा, वागा, राहा. क्षणात पेटून उठण्यापेक्षा रोजच्या राहणीचा अर्थ त्यात अधिक आहे. अनेक भेटपत्रांवर हे वचन ‘तथागतांचा अखेरचा संदेश’ म्हणून छापले जाते, तेही बरोबर नाही. महापरिनिर्वाणापूर्वी काही महिने, वैशालीजवळच्या बेलुव गावी वर्षावास चालू असताना ते सांगितले गेले. अखेरचे शब्द याच सुत्तात पुढे, कुशिनारा येथे येतात. सर्व संस्कार नाश पावणारे आहेत, तेव्हा अप्रमादाने कार्य साधा, असा त्यांचा आशय आहे.

बेलुव गावचा प्रसंग नीट समजून घेतल्याशिवाय या वचनाचा अर्थ लागत नाही. तथागतांचे वय तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. त्या वर्षावासात ते कठीण आजारातून उठले होते. आनंद त्यांना म्हणाले, की आपली अवस्था पाहून माझे हातपाय गळाले होते, पण संघाविषयी काही सांगितल्याशिवाय आपण जाणार नाही एवढाच धीर मनाला वाटत होता. त्यावर तथागतांनी जे उत्तर दिले, ते प्रत्येक शिक्षकाने आणि संस्थाचालकाने मनावर कोरून ठेवावे असे आहे. ते म्हणाले, की भिक्खुसंघाने आता माझ्याकडून आणखी कशाची अपेक्षा करावी? मी आतले-बाहेरचे असा भेद न करता धम्म सांगितला आहे, आणि माझ्याजवळ ‘आचरियमुट्ठि’ नाही. आचरियमुट्ठि म्हणजे आचार्याची बंद मूठ. शिष्याला सारे शिकवूनही एखादी विद्या स्वतःजवळ दडवून ठेवणाऱ्या गुरूची ती मूठ. त्यानंतर, जुने गाडे दोऱ्यांनी बांधून चालवावे तसे माझे शरीर कसेबसे चालले आहे, असे ते सांगतात, आणि मग ‘अत्तदीपा’ हा शब्द उच्चारतात.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूठ उघडली गेली आणि मग ‘आता स्वतःच्या आधाराने राहा’ असे सांगितले गेले. पंचेचाळीस वर्षे गावोगाव पायी फिरून ज्याने जवळचे सर्व काही वाटून टाकले होते, त्याचे हे शब्द आहेत. सारिपुत्तांच्या निधनानंतर आनंद शोकाकुल झाले, तेव्हाही तथागतांनी त्यांना हेच सांगितले, असे संयुत्तनिकायात आले आहे. म्हणजे हे वचन निरोपाच्या वेळचे, आधार देणारे वचन आहे. ज्याने काहीच दिले नाही, त्याने दारात आलेल्या मुलाला परत पाठवताना ते वापरावे, हे त्याच्या मूळ प्रसंगाशी सर्वस्वी विसंगत आहे.

आता ‘दीप’ या शब्दाकडे वळू. पालीत ‘दीप’ या एकाच शब्दात संस्कृतमधील दोन शब्द सामावले आहेत: ‘दीप’ म्हणजे दिवा आणि ‘द्वीप’ म्हणजे बेट. आचार्य बुद्धघोषांनी आपल्या अट्ठकथेत बेटाचा अर्थ घेतला आहे. महासागरात बेटाचा आश्रय मिळावा तसा स्वतःचा आश्रय करा, असे ते सांगतात. या सुत्ताच्या संस्कृत पाठातही ‘द्वीप’ हाच शब्द आहे. हीच द्विधा वचनाबरोबर चीनमध्ये गेली. इ. स. ४१३ मध्ये बुद्धयशस आणि त्यांचे चिनी सहकारी झू फोनियान यांनी दीर्घागमाचे चिनी भाषांतर पूर्ण केले. त्यात ‘स्वतः प्रज्वलित व्हा’ अशा आशयाचे शब्द आहेत, म्हणजे तेथे दिव्याचा अर्थ घेतला गेला. पुढे काही वर्षांतच, भारतातून समुद्रमार्गे चीनला पोहोचलेल्या गुणभद्रांच्या संयुक्तागमाच्या भाषांतरात ‘स्वतःच्या बेटावर राहा’ असे शब्द आले. पुढच्या काळात दिव्याचा अर्थ अधिक रूढ झाला आणि चिनी अक्षरांतील तो शब्दप्रयोग जपानपर्यंत गेला. जपानी बौद्ध तो आजही ‘जितोम्यो, होतोम्यो’ असा उच्चारतात. त्याचा अर्थ आहे, स्वतः हा दिवा आणि धम्म हा दिवा.

दिवा की बेट, हा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. आम्हांस या साऱ्या प्रवासात वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. पाली घ्या, संस्कृत घ्या, चिनी भाषांतरे घ्या किंवा जपानी शब्दप्रयोग घ्या, प्रत्येक ठिकाणी हे वचन जोडीने येते. ‘अत्तदीपा’ म्हटले की मागोमाग ‘धम्मदीपा’ येतेच. ‘अत्तसरणा’ म्हटले की ‘धम्मसरणा’ येतेच. दिवा आणि बेट यांवर ज्यांचे एकमत झाले नाही, त्या भाषांतरकारांपैकी कोणीही दुसरा अर्धा भाग गाळला नाही. आपल्याकडील फलकांवरून मात्र तो गळून पडला आहे.

हा गळालेला भाग किती मोलाचा आहे, हे थोडा विचार करताच ध्यानात येते. ‘स्वतःचा आधार घ्या’ एवढेच म्हटले, तर स्वतःचा राग, लोभ आणि अहंकार हाही आधारच ठरतो. त्याला धम्माची जोड मिळाली, की प्रज्ञा, शील आणि करुणा यांच्या कसोटीवर स्वतःलाच घासून पाहावे लागते. तथागतांनी तर हे साधायचे कसे, तेही तेथेच सांगितले आहे. काया, वेदना, चित्त आणि धम्म यांचे जागरूकपणे निरीक्षण करीत राहणे, म्हणजेच चार सतिपट्ठान, हा तो मार्ग आहे. म्हणजे ‘माझ्या मनाला पटते तेच खरे’ असे म्हणणाऱ्याला हे वचन उलट विचारते, की त्या मनाकडे तू नीट पाहिले आहेस काय?

स्वतःच्या आधाराने राहणाऱ्यांना इतरांची गरज नसते काय, याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. ‘अत्तदीपा’ हे वचन ज्यांना उद्देशून होते, त्या भिक्खूंची परंपरा तेथे शतकानुशतके नांदली. तेथील ब्राह्मी शिलालेख काय सांगतात? कोणी लेणे कोरवून दिले, कोणी पाण्याची पोढी खोदून दिली, कोणी भिक्खूंच्या चीवरासाठी ‘अखयनिवि’ म्हणजे अक्षय ठेव ठेवली. दाते कल्याणचे आहेत, सोपाऱ्याचे आहेत, त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, स्त्रिया आहेत. भर उन्हाळ्यात त्या डोंगरावर ध्यान करणाऱ्या भिक्खूचा घसा ज्या पाण्याने ओला होत असे, ती पोढी दुसऱ्या कोणाच्या घामाच्या पैशातून झालेली असे. त्यामुळे त्याचे ‘अत्तदीप’ असणे उणे झाले, असे त्या काळी कोणाला वाटले नाही.

त्याच बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीपलीकडे गोराई येथे २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे. त्याच्या परिसरात दहा दिवसांची शिबिरे होतात. साधक मौन पाळून, डोळे मिटून, केवळ स्वतःच्या श्वासाकडे व संवेदनांकडे पाहत बसतात. याहून अधिक ‘स्वतःचा आधार’ तो कोणता? पण त्या दहा दिवसांच्या राहण्या-जेवण्याचे शुल्क घेतले जात नाही, तो खर्च आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून भागतो. मागच्यांनी पुढच्यांची सोय करावी, म्हणजे पुढच्यांना स्वतःत डोकावण्याची उसंत मिळते. कान्हेरीची रीत येथे अशी आजही चालू आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रातही हेच दिसते. त्यांच्याइतका स्वयंप्रकाशी पुरुष आपल्या इतिहासात दुसरा नाही. तरीही १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीने ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि त्यांनी स्वतः काय केले? बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ‘मी शिकलो, तुम्हीही आपापले शिका’ असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी आपली मूठ उघडली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शतकानुशतके ज्यांना दुसऱ्याच्या दयेवर जगावयास लावले, त्या समाजाला १९५६ नंतर या वचनाने ताठ कण्याने उभे केले. आता त्यालाच परावलंबनाचा उपदेश करावयाचा काय? मुळीच नाही. ‘आमच्या कृपेची वाट पाहा’ असे सांगणाऱ्या व्यवस्थेपुढे ‘अत्त दीप भव’ म्हणणे हे स्वाभिमानाचे लक्षण होते आणि आजही आहे. पण तेच शब्द आपल्याच वस्तीतील, आपल्यामागून येणाऱ्या मुलाला उद्देशून म्हटले, की त्यांचा रोख बदलतो. व्यवस्थेपुढे उभारलेली ढाल आपणच त्या मुलाच्या वाटेत आडवी धरतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत पोहोचत आहे, त्या घरातील मुलाला वीजगणित समजावून सांगणारे, प्रवेशाचा अर्ज भरून देणारे, वसतिगृहात आजारी पडल्यास विचारपूस करणारे माणूस हवे असते. ते मिळाले म्हणून तो परावलंबी होत नाही. त्याचा दिवा पेटण्याइतकी वात आणि तेल त्याच्या हाती येते, पेटवायचे काम त्याचेच राहते.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवतो. निवासी शाळांच्या प्रवेशद्वारांवरील फलक पुन्हा रंगवण्याची वेळ येईल, तेव्हा ‘अत्तदीपा’ या शब्दाशेजारी ‘धम्मदीपा’ हा शब्दही लिहावा, आणि मुलांना दोन्हींचा अर्थ व प्रसंग सांगावा. माजी विद्यार्थ्यांनी देणगी द्यावीच, पण महिन्यातील एक रविवार वसतिगृहातील मुलांच्या अभ्यासासाठी राखून ठेवावा. कोणती परीक्षा कशी द्यावी, कोणत्या कार्यालयात कोणाला भेटावे, मुलाखतीत काय विचारतात, ही माहिती ज्यांनी ठेचा खात मिळवली, त्यांची मूठ आजही पुष्कळदा बंद असते. ती उघडावी. पालकांनी मुलाने मदत मागितली तर त्याला कमीपणा समजू नये, कारण विचारणारा मुलगाच पुढे शोधणारा होतो. आणि विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की आज पोढीतले पाणी पिणाऱ्यावर उद्या एखादी पोढी खोदण्याचे ऋण असते.

तथागतांचे हे वचन आपण मुलांना अवश्य सांगावे. मात्र ते सांगण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या हाताकडे एकदा पाहावे. मूठ उघडी असेल, तर तो उपदेश मुलापर्यंत नक्की पोहोचेल.

भवतु सब्ब मंगलं!