यात हसायचं काय?

विनोद समजावून सांगितला की मरतो, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं उमरग्यासारख्या गावी, चार पिढ्यांच्या घरात बसून टीव्ही पाहिलेला नसावा. आमच्या घरी विनोद रोज समजावून सांगावा लागतो आणि तो मरत तर नाहीच, उलट पुष्कळदा मूळ विनोदापेक्षा जास्त हशा त्या समजावण्यालाच होतो.

आईनं पंच्याऐंशी ओलांडली आहे. मालिकेत कुणी काही बोललं आणि घरातले दोघंतिघं एकदम हसले की तिचा ठरलेला प्रश्न येतो, "काय म्हणला रं त्यो?" शब्द तिला ऐकू आलेले असतात, त्यामागचं काही तरी निसटलेलं असतं. उत्तर द्यायची जबाबदारी माझी किंवा नववीतल्या नातीची. मी नोकरीभर मराठी शिकवलं. 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' हा प्रश्न हजारो मुलांना घातला. आता निवृत्तीनंतर तो रोज रात्री मलाच सोडवावा लागतो, आणि परीक्षक मोठी कडक आहे.

उदाहरणार्थ, पुण्यातल्या चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, हा विनोद. कथाकथनात, नाटकात, मालिकेत, कुठंही 'एक ते चार' एवढं म्हटलं की प्रेक्षक हसतात. आईला तो कळेना. मी दुकान सांगितलं, बाकरवडी सांगितली, पुणेकरांची दुपारची झोप सांगितली. ती म्हणाली, "अरं, उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडं कोण दुकान उघडं ठिवतंय? यात हसायचं काय?" प्रश्न बिनतोड आहे. वैशाखातल्या दुपारी उमरग्याच्या पेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. दुपारी दुकान बंद ठेवणं हा आमच्याकडं शहाणपणा. पुण्यात तो स्वभावविशेष ठरला आणि त्याचा विनोद झाला, कारण विनोद करणारे पुण्यात होते. गंमत म्हणजे चितळ्यांनी 2017 साली ही दुपारची सुट्टी बंद केली. दुकान उघडं झालं, विनोद मात्र अजून एक ते चारमध्येच अडकून बसला आहे.

सगळेच संदर्भ असे अडत नाहीत. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये गौरव मोरे यांची ओळख 'फिल्टर पाड्याचा बच्चन' अशी व्हायची. आईला बच्चन ठाऊक, फिल्टर पाडा नाही. नातीनं सांगितलं, मुंबईत पवईजवळ एक साधी वस्ती आहे, तिथला हा मुलगा. आई लगेच म्हणाली, "म्हंजे आपल्या पत्र्याच्या वस्तीतला, हितलाच बच्चन म्हण की!" एवढ्या नेमक्या शब्दांत मला तो विनोद सांगता आला नसता. जागा परकी होती, माणूस ओळखीचा निघाला.

सर्वात जास्त समजावणं झालं ते 'वागले की दुनिया'चं. ही मालिका पहिल्यांदा 1988 साली दूरदर्शनवर लागली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला मुंबईचा मध्यमवर्गीय कारकून, कुंदन शहा यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे नवरा-बायको. तोवर आमच्या गल्लीत दोनतीन टीव्ही आले होते आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर गल्ली. 2021 मध्ये तीच मालिका नव्यानं सुरू झाली. या वेळी कथा पुढच्या पिढीची, सुमीत राघवन यांच्या राजेश वागलेची. जुने श्रीनिवास आणि राधिका वागले आता आजी-आजोबा होऊन त्याच कलावंतांच्या रूपात आले. नातीला ते नुसते मालिकेतले म्हातारे वाटत होते. मला आणि आईला मात्र त्यांना पाहिलं की हसूही येत होतं आणि पोटात थोडं हलतही होतं. ही माणसं आमच्यादेखत म्हातारी झाली होती. हे नातीला कसं समजावायचं? मग मी लक्ष्मण यांच्यापासून सुरुवात केली: धोतर, चौकड्यांचा कोट, तोंडातून शब्द न काढणारा तो सामान्य माणूस, 1951 पासून वर्तमानपत्रात रोज सकाळी हजर राहणारा. जुन्या मालिकेच्या एका भागात वागलेंना एक गाडी ठोकरते आणि ती चालवणारा तरुण म्हणजे शाहरुख खान, हे सांगितलं तेव्हा मात्र पोरगी ताडकन उठून बसली. त्या दिवसापासून वागले आजोबा तिच्या लेखी मोठी असामी आहेत.

तेव्हा समजावून सांगावं लागणं यात मला कमीपणा वाटत नाही. चार पिढ्या एका खोलीत बसून एकमेकांशी बोलतात असे प्रसंग घरात उरलेत किती? तक्रार आहे ती वेगळी. हे समजावणं एकाच दिशेनं चालतं.

नातीनं अजून मुंबई पाहिलेली नाही. पण 2008 पासून चालत आलेल्या 'तारक मेहता'मुळं तिला गोरेगाव पूर्वेची पावडर गल्ली माहीत आहे. पेठांच्या पुणेकरांचा तिरकसपणा, दादरच्या बाईचा ठसका, लोकलमधली चौथी सीट, टपरीवरचा कटिंग, हे सगळं तिला पाठ आहे. मुंबई-पुण्याचा विनोद म्हणजे मराठी विनोद आणि तो कळण्यासाठी लागणारं सामान्यज्ञान प्रत्येकानं आपापल्या खर्चानं मिळवायचं, असा जणू नियम आहे. आम्ही ते मिळवलं. फार पूर्वीपासून मिळवतो आहोत. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि त्याच दशकात दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ तिथं घरोघर पोचले. उमरग्यात त्या वेळी टीव्हीच दिसत नव्हता. आम्ही चि. वि. जोशींची पुस्तकं ग्रंथालयातून आणून वाचली होती, म्हणून पुण्याचे पाहुणे 'आमचा चिमणराव' म्हणून बोलू लागले की आम्हीही वेळेवर हसायचो.

उलट दिशेनं काय जातं ते पाहा. मोंढा म्हणजे धान्याची घाऊक पेठ हे मराठवाड्यात शेंबड्या पोराला कळतं. निजामाच्या राजवटीतला 'गिरदावर' 1948 नंतर सर्कल इन्स्पेक्टर झाला, पण आईच्या बोलण्यात तो अजून गिरदावरच आहे आणि उगीच रुबाब करणाऱ्या माणसाला ती 'मोठा गिरदावर लागून गेलाय' असं म्हणते. हा आमच्या घरातला हुकमी हशा. लातूर-धाराशिवपासून थेट कर्नाटकापर्यंत मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते, त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. यातलं काहीही मालिकेत एका ओळीत, न समजावता, येऊन गेलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्या भागाची नावं साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आली ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर. किल्लारी आणि तेव्हा उमरगा तालुक्यात असलेलं सास्तूर. त्याआधी आणि त्यानंतर आम्ही दिसतो ते दुष्काळाच्या बातमीत, रिकाम्या हंड्यांच्या रांगेत. त्या बातम्या खऱ्या आहेत, त्यांना माझी हरकत नाही. पण ज्याच्याबद्दल फक्त हळहळच वाटते, त्याची ओळख झालेली नसते. शेजाऱ्याची थट्टा आपण करतो, कारण तो आपल्याला पुरता माहीत असतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे: लेखक मुंबईत राहतात, जे बघतात ते लिहितात, आणि इथलं लिहिलं तर तिकडं कळणार कुणाला? पहिला भाग मान्य. दुसरा मात्र लक्ष्मण देशपांडे यांनी 1979 सालीच खोटा पाडला. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्या माणसानं बावन्न पात्रं उभी केली, ती मराठवाड्यातल्या खेड्याच्या बोलीत. त्यांनी तळटीपा दिल्या नाहीत, शब्द पातळ केले नाहीत. मुंबई-पुण्याची नाट्यगृहं हसली, परदेशातली मराठी मंडळंही हसली. पुढं मकरंद अनासपुरे यांनी सिनेमात आपली मराठवाडी बोली सोडली नाही, 'चला हवा येऊ द्या'त भारत गणेशपुरे वऱ्हाडीतच बोलले. 2016 मध्ये 'सैराट' आला, तेव्हा करमाळ्याकडची भाषा ऐकून शहरातल्या पोरांनी शब्दांचे अर्थ एकमेकांना विचारले, आणि तिकिटं काढून विचारले. म्हणजे समजावून घ्यायची तयारी तिकडंही आहे. कमतरता आहे ती लिहिणाऱ्यांच्या धीराची. आता बरेच लेखक गावाकडचं पात्र घेतात, पण त्याच्या तोंडी घालतात ती कुठल्याच गावाची नसलेली 'लई भारी' छापाची बोली. तिला समजावावं लागत नाही, कारण तिच्यात समजण्यासारखं काही नसतंच.

मागच्या येळवसेला पुण्याहून नात्यातला एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. आमच्याबरोबर शेतात आला, कडब्याच्या कोपीतली पांडवांची पूजा पाहिली, मोबाइलवर फोटो काढले. पंगत बसली तेव्हा आईनं त्याला विचारलं, "भज्जी घे की अजून." त्यानं ताट न्याहाळलं आणि अगदी गरिबीनं म्हणाला, "आजी, मला भजी वाढलीच नाहीत." सगळी कोप हसली. शेजारच्या शेतातली मंडळी काय झालं म्हणून डोकावली, त्यांना सांगितलं, तीही हसली. बिचारा एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहिला. नातीनं त्याला सांगायला सुरुवात केली की ताटातली ही पातळ भाजी म्हणजेच भज्जी, पण आईनं तिला थांबवलं. "तू गप बस, मी सांगते," म्हणाली आणि आंबिलीचा पेला त्याच्या हातात देऊन तिनं पार तुरीच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांपासून सुरुवात केली.