शिक्का सम्राटाचा, हात कुणाचे?

चिनी मातीची निळी-पांढरी चपटी सुरई हाती आली की संग्राहक आधी शिक्का शोधतात. शुआनदे सम्राटाची (१४२६–१४३५) सहा अक्षरं दिसली की खिसा सैल. अहो, त्या सम्राटाने मातीला बोट तरी लावलं होतं का? घाट पश्चिम आशियाई धातूच्या भांड्यांचा, कोबाल्टचा निळा रंग मुळात इराणहून आलेला, घाम जिंगदेझेनच्या कारागिरांचा.

पुढे १७१२ मध्ये तिथल्या एका फ्रेंच पाद्र्याने लिहिलं, एक भांडं सत्तर हातांतून जातं. शिक्क्यात त्यातलं एकही नाव नाही. वर कांग्शीच्या काळात जुन्या सम्राटांची नावं नव्या भांड्यांवर सर्रास घातली जात. म्हणजे शिक्का धड पुरावाही नाही.

मग पैसे मोजता कशाचे? साच्यातले दोन अर्धे भाग जिथे जोडलेत, तो सांधा आधी बघा. तिथे कारागीर भेटेल.