तालमीत सुई नको!

यात्रेच्या आखाड्यात शड्डू घुमला की आपल्या अंगावर आजही काटा येतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतून हेलसिंकीला गेले आणि १९५२ साली स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवलं. एका मल्लामागे समाज असा उभा राहायचा.

आज त्याच मातीच्या कडेला सुई येऊन पोचली आहे. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर मेफेंटरमाईन देतात. तेच इंजेक्शन आपली पोरं जोर वाढावा, दम टिकावा म्हणून टोचून घेतात. राज्यात पोलिसांच्या छाप्यांत त्याच्या बाटल्या पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत. ऐन विशीत हृदयाची धडधड, चढलेला रक्तदाब आणि मग सुटता न सुटणारं व्यसन! स्टेरॉइडची कथा वेगळी नाही. यकृत आणि हृदय बिघडतं, शरीर स्वतःचं पुरुषी संप्रेरक तयार करणं कमी करतं, वाढत्या वयातल्या मुलाची उंचीही खुंटू शकते.

हे फक्त कुस्तीत घडत नाही. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यातल्या २१३ मध्ये बंदी असलेली द्रव्यं सापडली. मोठ्या संख्येने चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत उत्तेजक चाचण्या घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, म्हणजे 'नाडा'चं पथक आल्याचं कळलं आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उतरला. बाकीचे गायब!

नियम कडक आहेत. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांचा नमुना दोषी आला. आपल्या खाण्यात कुणीतरी भेसळ केली, असं त्यांचं म्हणणं होतं. 'नाडा'ने ते मानलंही, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाला पटलं नाही. चार वर्षांची बंदी आली. म्हणून कुणी दिलेली पावडर, फोडलेला डबा, ओळखीच्याने आणलेली गोळी, काहीही डोळे मिटून घ्यायचं नाही.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. वर्षभरात पोरगं केसरी व्हावं ही घाई आपली. इनाम लावून 'निकाली कुस्ती करा' म्हणून ओरडणारेही आपणच. ताकद यायला वर्षं लागतात, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. पहाटेचे जोर, बैठका, दूध, बदाम, तूप आणि झोप. खुराक तोच आहे, धीर मात्र आपला सुटला आहे.

तो धीर परत आणणं आपल्या हातात आहे. आई-बापांनो, पोराचं वजन आणि स्वभाव अचानक बदलला तर न रागावता विचारा. वस्तादांनो, तालमीत सुई चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी पठ्ठ्याला स्पष्ट सांगा. तुमचा शब्द तो बापापेक्षा जास्त मानतो. औषध दुकानदारांनो, चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देऊ नका. खेळाडूंनो, ताप-खोकल्यासाठी गेलात तरी डॉक्टरांना आधी सांगा, 'मी खेळाडू आहे.' औषधात बंदी असलेलं काही आहे का, हे 'नाडा'च्या 'नो युअर मेडिसिन' अ‍ॅपवर पाहता येतं. आणि जो आधीच सुईच्या नादी लागला आहे, त्याला हाकलू नका. हात धरून डॉक्टरांकडे न्या. तो आपलाच आहे.

यात्रा कमिट्यांनी तर एवढं करावंच: कुस्त्यांच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापावं, 'उत्तेजक घेणाऱ्याची जोड लागणार नाही.' येत्या यात्रेची बैठक बसेल तेव्हा हा विषय कुणीतरी काढायला हवा. चला, आपणच काढूया.