हॅम रेडिओ : एका मित्राची आठवण आणि एक विनंती



माझ्या एका जुन्या मित्राचे नुकतेच नागपूरला निधन झाले. नोकरीने तो साधा कारकून, पण छंदाने हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालक होता. आपल्यातला कोणी गेला की हॅम मंडळी तो ‘सायलेंट की’ झाला असे म्हणतात. की म्हणजे तारयंत्राची कळ. ती कायमची शांत झाली, असा त्याचा अर्थ. त्याच्या घरच्यांनी त्याची मोर्सची कळ, पुस्तके आणि कार्डांची पेटी आपल्या शाळेला देण्याची इच्छा कळवली आहे. ‘सर, मोबाइलच्या जमान्यात याचा काय उपयोग?’ असे काही पालकांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून चार ओळी लिहीत आहे.

हॅम रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे. त्यावर गाणी लावता येत नाहीत, पैसा कमावता येत नाही. केंद्र सरकारची परीक्षा दिली की परवाना मिळतो आणि त्यासोबत संकेतनाम मिळते. आपल्याकडची संकेतनामे बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होतात. जगातल्या कोणत्याही हॅमशी बोलणे झाले की आठवण म्हणून टपालाने क्यूएसएल कार्ड पाठवायची पद्धत आहे. माझ्या मित्राच्या पेटीत अशी देशोदेशीची कार्डे आहेत. त्याने स्वतः मात्र कधी देशाची सीमा ओलांडली नाही.

त्याला हा नाद लागला तो किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झाले होते, माणसे गाढ झोपेत होती. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या वेळी हॅम मंडळी आपापले संच घेऊन मदतीला धावली आणि निरोपांची ने-आण करू लागली. त्या बातम्या वाचून माझा मित्र परीक्षेला बसला.

त्या काळी मोबाइल नव्हता, असे कोणी म्हणेल. मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवा. तेव्हा मोबाइल आला होता. भारती प्रसाद नावाच्या महिला हॅम आपल्या चमूसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. त्या गेल्या होत्या छंदासाठी, पण लाटा आल्या आणि त्यांचा संच बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीला देऊ लागला. कारण सोपे आहे. मोबाइल मनोऱ्यावर चालतो आणि मनोऱ्याला वीज व केबल लागते. हॅमला मोटारीची बॅटरी आणि दोन झाडांमध्ये बांधलेली तार पुरते.

दुसरा फायदा अभ्यासाचा. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात, हे आपण पाठ करतो. मित्र म्हणायचा, ‘पाठ करू नकोस, भागाकार कर.’ वारंवारता सेकंदाला ७१ लाख असेल तर लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर येते. तिच्या निम्मी, म्हणजे २१ मीटरच्या आसपास तार कापायची की अँटेना तयार. गच्चीवर तो तार ताणायचा आणि खालून मी दोरी धरायचो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्याची पुस्तके इंग्रजीत होती. अनुनाद म्हणजे काय ते त्याने मला मराठीत, झोक्याचे उदाहरण देऊन समजावले. झोका आपल्या लयीत असतानाच ढकलला तर उंच जातो, अवेळी ढकलला तर नाही. भाषा आपली असली की विज्ञान जड जात नाही, हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या गावाने तरी विसरू नये.

तिसरा फायदा वळणाचा. हॅमचा पहिला नियम म्हणजे आधी ऐका, वाट मोकळी असेल तरच बोला. बोलण्याची कळ दाबलेली असते तोवर समोरच्याचे ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येकाला थांबावेच लागते. राजकारण आणि धर्माचे वाद तिथे काढायचे नाहीत, असा संकेत आहे. आज घरोघरी सगळे एकदम बोलतात आणि ऐकणारा कोणी नसतो. मुलांना ही शिस्त लागली तर वाईट काय?

आता प्रस्ताव. मित्राचा प्रक्षेपक संच आपण घेणार नाही. परवान्याशिवाय तो चालवणे गुन्हा आहे, म्हणून तो परवानाधारक हॅमकडेच जावा. आपण आठवी-नववीच्या मुलांसाठी शनिवारी एक तास रेडिओ मंडळ सुरू करावे. बॅटरी, बझर आणि मित्राची कळ यांवर मोर्स शिकता येईल. आपल्या स्टेशनावरची ‘कट्ट-कडकट्ट’ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण ती लिपी हॅम मंडळींनी जिवंत ठेवली आहे. एक साधा शॉर्टवेव्ह रेडिओ घेतला की दूरची केंद्रे ऐकता येतील. खर्च एका सहलीहूनही कमी आहे. मुलांना पुढे परीक्षेला बसवायचे तर आधी शिक्षकाने बसावे, म्हणून मी स्वतः अर्ज भरणार आहे.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय ठेवला आहे. पालकांनी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावे. कार्यालयातल्या काचेच्या कपाटात ढाली आणि चषक पुष्कळ आहेत. ही पेटीही तिथेच ठेवायची असेल तर न घेतलेली बरी. घ्यायची तर मुलांच्या हाती देण्यासाठी घ्यावी, एवढीच विनंती.

— प्राचार्य