सात नंबरचा रस्ता



पांढरकवड्याहून नागपूरला जाणारा हमरस्ता आता चव्वेचाळीस नंबरचा झाला आहे. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. पण आमच्याकडची जुनी माणसे अजून त्याला सात नंबरच म्हणतात. वाराणसी ते कन्याकुमारी, २,३६९ किलोमीटर, देशातला सर्वांत लांब महामार्ग, असे आम्ही शाळेत पाठ केले होते. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला त्याचा पैनगंगेपासून वर्धा नदीपर्यंतचा तुकडा येतो. पाटणबोरी, पांढरकवडा, करंजी, वडकी.

१९५६ च्या ऑक्टोबरात आपली माणसे ह्याच रस्त्याने नागपूरला गेली. कोणी बैलगाडीने, कोणी ट्रकने, कोणी भाकरी बांधून पायीच. तेव्हा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. महिना उलटायच्या आत, १ नोव्हेंबरला, जिल्हा मुंबई राज्यात गेला.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही घरची आठ माणसे भाड्याच्या गाडीने निघालो. सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या होती. छप्पन साली ती नऊ वर्षांची, आईबापाबरोबर बैलगाडीतून गेलेली. (एक सांगतो, म्हातारे माणूस सोबत असेल तर त्याला मागच्या सीटवर कोंबू नका. पुढे काचेजवळ बसवा. दिसले तर आठवते.)

पोरांना टिपेश्वरचा वाघ पाहायचा होता, पण ते अभयारण्य तर मागेच राहिले. मग सीताफळांवर समाधान झाले. करंजीच्या पुढे रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. भाव करता करता ड्रायव्हर वैतागला. वडकीला चहा घेतला. आत्या कपाकडे पाहत म्हणाली, "तवा हाटेलात आमाले कपबशी येगळी ठेवत. बाहीर." कोणत्या गावात, ते तिला आठवेना.

वर्धा नदी आली तशी ती म्हणाली, "थांबव बाबू." ड्रायव्हर म्हणाला, पुलावर गाडी थांबवता येत नाही. म्हणून अलीकडेच कडेला घेतली आणि तिला हाताला धरून पाणी दिसेल तिथवर नेले.

"मायनं इथं देव सोडले," आत्या म्हणाली.

दीक्षा घेतल्यावर अनेक घरांनी देव्हाऱ्यातले देव नदीत, विहिरीत सोडले, हे आपल्याला माहीत आहे. पण आमची आजी घरचे टाक पदराच्या गाठीत बांधून नागपूरला घेऊन गेली होती, हे मला माहीत नव्हते. "घरी एकटे ठेवले तं कोपतीन, म्हणून." बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हाही ती गाठ तिच्या कमरेलाच होती. परतीच्या वाटेवर तिने ती इथे सोडली आणि काठावर बसून राहिली.

"बाप म्हणे चाल आता. तं माय म्हणे, थांबा, काई होते का पाहू द्या."

"मंग?" माझ्या मुलीने विचारले.

"मंग काय? बैलं पाणी पिले अन् निंघालो."

हिंगणघाट जवळ आले तेव्हा आत्या पुन्हा बोलली. एक टाक चांदीचा होता. तो नदीपर्यंत आलाच नाही. येतानाच आजीने तो हिंगणघाटच्या सोनाराला विकला होता. ड्रायव्हरची समजूत घालून आम्ही गाडी गावात घेतली. दुकान सापडले नाही, सापडणारही नव्हते. आत्या मात्र दोन गल्ल्या चालली.

"त्या पैशाची भाऊले पाटी घेतली. पेन्सिलीचा डबा बी."

हा भाऊ म्हणजे माझे वडील. ही पाटी मी जयंतीच्या भाषणात पाच-सहा वेळा सांगितली आहे. दीक्षेहून परतताना आजोबांनी मुलासाठी पाटी आणली, असे मी सांगत असे आणि टाळ्या पडत. चांदीचा टाक त्यात नव्हता. आजीही नव्हती.

"आणि तुला काय घेतलं?" मुलीने विचारले.

"मले काय घेते! पोरगीच होती ना मी." आत्या हसली. आम्ही कोणी हसलो नाही. वडील शिकले, नोकरीला लागले, त्यांच्या पाठोपाठ आम्ही शिकलो. त्या वर्षी आत्या गुरांमागे गेली. सही करायला ती फार पुढे, विहारातल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली. बाबासाहेबांच्या घोषणा देत परतलेल्या त्याच बैलगाडीत ती बसली होती.

मुलीने वहीचे पान फाडून तिच्यापुढे धरले. आत्याने धावत्या गाडीत नाव लिहिले, काना जरा हलला. "रस्ता खराब हाय," म्हणाली. रस्ता चांगला चौपदरी होता.

जामच्या चौरस्त्यावर आलुबोंडे घेतले तोवर तिला झोप लागली होती. सीताफळांची टोपली तिच्या पायाशी होती, आणि नागपूर यायच्या आत त्यातली चार तरी पोरांनी संपवली.